अर्ज मिळाला

बाबांनी फोनचा आवाज मोठा केला आणि तो पुन्हा ताटाशेजारी ठेवला. आज दाढीही सकाळीच झाली होती.

"अंडं आहे का ते?" आई म्हणाली. "उबवत बसलात ते."

"बेकरीवाले फोन करणार आहेत. अर्ज मिळाला म्हणून लगेच कळवलं त्यांनी. अशी रीतभात असलेली माणसं राहिलीत कुठे आता?"

थोरलीने हातातला घास ताटात परत ठेवला.

आईला बेकरीचं कौतुक नव्हतं. तिच्या भावाने गोदामावर राखणदाराची जागा देऊ केली होती. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं, नाहीतर दुसरा माणूस तयार होता. पण बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर ज्यांचे केस पिकले, त्यांना कुलपं राखायची म्हणजे जिवावर येत होतं. कारखाना बंद पडल्यापासून बाबा दारोदार फिरले होते. सगळीकडे केसांकडे बघून नकार.

आणि ही बेकरी तर थोरलीचीच. म्हणजे तिची, आणि वर्गातल्या जाड्याची नि चिमणीची.

वेबसाइट बनवायच्या वर्गात सरांनी तिघातिघांचे गट पाडले होते. बेकरी सुचवली थोरलीने, लहानपणापासून नाकात बसलेल्या वासामुळे. चिमणीने पावाचे फोटो आणि रंग लावले, पत्ता मनानेच टाकला. जाड्याने नोकरीचा अर्ज बनवला. बटण दाबल्यावर उमटणारी ओळ थोरलीने लिहिली: अर्ज मिळाला, भट्टीवर अनुभवी माणूस हवाच आहे, लवकरच फोन करू. त्यांना अजून दर्शनी भागच शिकवला होता. पुढून दुकान झकास, मागे भिंतसुद्धा नाही. कुणी काही लिहून बटण दाबलं, तर ओळ उमटायची आणि लिहिलेलं वाऱ्यावर जायचं. सर म्हणाले होते, बघूनच भूक लागते.

पान छोट्या पडद्यावर नीट बसतं का, हे बघायला घरात सगळ्यात छोटा फोन बाबांचा. तिने त्यावर उघडून पाहिलं आणि तसंच उघडं ठेवून ती काल वर्गाला पळाली होती.

आत्ताच सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं. बाबा इस्त्रीच्या शर्टाचं बटण लावत होते. ती पाणी प्यायली आणि उठली.

वर्गात तिने दोघांना सांगितलं, तेव्हा जाड्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, आवाज जाड करून मी फोन करतो, जागा भरली म्हणून सांगतो. चिमणीने त्याला झापलं. एक खोटं झाकायला दुसरं, मग त्याला तिसरं.

"ओळ तुझी आहे," ती थोरलीला म्हणाली. "बापाला सांगायचंही तूच."

जाड्याने तिथल्या तिथे वेबसाइट काढून टाकली. पाव गेले, रंग गेले, अर्ज गेला. तिघं त्या पांढऱ्या पडद्यासमोर मयताला आल्यासारखी बसली. मग चिमणीने थोरलीची बॅग तिच्या हातात दिली आणि तिला दाराबाहेर काढलं.

रस्ताभर ती वाक्यं जुळवत होती. 'बाबा, तो सराव होता.' 'बाबा, आम्ही मुद्दाम नाही केलं.' कुठलंही म्हटलं तरी त्यांची मान खाली जाणारच होती, आणि ती घालायला लावणारी त्यांचीच लेक होती. निदान मामाला हो म्हणायला अजून वेळ होता.

घरी आई हसत होती. कारखाना बंद पडल्यापासून ती अशी हसली नव्हती.

"मामाला 'नको' म्हणून कळवून टाकलं," ती म्हणाली. "त्याच्या गोदामाची कुलपं त्यालाच लखलाभ."

थोरलीने बॅगही खाली ठेवली नाही.

"बाबा, त्या बेकरीचं मला सांगायचंय. ती बेकरी..."

"आधी माझं ऐक," बाबा तिच्याकडे न बघता घाईने म्हणाले. "फोनची वाट कुठवर बघायची? म्हटलं, स्वतःच जावं. जाऊन आलो. काय भट्टी आहे म्हणून सांगू! मालकाने स्वतः हिंडून दाखवली." मग ते आईकडे वळले. "जरा लांब आहे. उद्यापासून मला डबा लागेल."