अर्धा सेकंद

"ठकी हल्ली विचार करून बोलते माझ्याशी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "परक्या माणसाशी बोलावं तशी."

फोन अजून वाजायचा होता. टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मास्तर. ठकी ही त्यांची एकुलती एक लेक. जगाच्या पार खालच्या टोकाला, बर्फावरच्या संशोधन केंद्रात होती. तिथल्या लांबच लांब रात्रीत आकाशात हिरवा उजेड पडद्यासारखा हलतो, त्याच्या लहरी मोजायचं तिचं काम. दर रविवारी सकाळी तिचा फोन येई.

"असं कशावरून म्हणतेस?" मास्तरांनी विचारलं.

"गेल्या खेपेला विचारलं, जेवतेस ना नीट? तर गप्प. मग म्हणाली, हो. आईला हो म्हणायला एवढा विचार लागतो?"

मास्तर हसले. त्यांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं, पण घरात ते ऐकून घेणारी एक ठकीच होती.

"अगं, ती गप्प नव्हती. तिचं उत्तर वाटेत होतं. तुझा आवाज इथून लहर होऊन निघतो. प्रकाशच तो, फक्त डोळ्यांना दिसत नाही. तो वर उपग्रहाकडे जातो, तिथून खाली ठकीकडे. तिचं उत्तर पुन्हा त्याच वाटेनं मागे. जाऊन-येऊन अर्धा सेकंद मोडतो."

"तुम्हीच सांगायचात ना, प्रकाशासारखं पळणारं कुणी नाही म्हणून?"

"नाहीच. पण पळणाऱ्यालाही रस्ता कापावा लागतोच की."

बाईंचा चेहरा काही बदलला नाही. मग मास्तरांनी वर्गातली युक्ती काढली. "प्रश्न विचारून झाला की बोट टेबलावर टेकव आणि उचल. सावकाश. तेवढा वेळ प्रकाशाचा. त्याचं खापर पोरीच्या डोक्यावर फोडायचं नाही."

फोन वाजला. मास्तरांनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर मधोमध ठेवला.

"आई, तू कशी—"

"ठके, बरी आहेस ना—"

दोघी एकदमच थांबल्या. मग दोघी एकदमच म्हणाल्या, "तू बोल."

"एकेकीनं बोला गं!" मास्तर ओरडले. तिकडून हसू आलं, तेही जरा उशिरानंच.

"थंडी फार आहे का?" बाईंनी विचारलं. बोट टेकवलं, उचललं.

"बाहेर आहे. आत ऊब असते."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. "केस कापलेस का?" टेकवलं, उचललं.

"कापले. तुला कसं कळलं?"

बाई खुलल्या. मोज्यांचं विचारलं, दाढेचं विचारलं, भाजी करपवणारा तो आचारी सुधारला का तेही विचारलं. दरवेळी बोट टेकायचं, उचललं जायचं आणि ठकीचा आवाज यायचा. आठवडाभर उरावर बसलेलं ओझं उतरलं. समोर ठकीच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावरची चादर बाईंनी कालच बदलली होती.

"वर्ष संपत आलं ना गं तुझं?" त्या म्हणाल्या. "मग आता येणाऱ्या जहाजानं परत येणार ना?"

बोट टेकलं, उचललं गेलं. पुन्हा टेकलं. पुन्हा उचललं गेलं.

मास्तर टेबलाकडे बघत राहिले.

"येईन ना," ठकी म्हणाली. "म्हणजे... बघते, आई."

"आज लाइनच जरा—" मास्तरांनी सुरुवात केली. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"थांबायला सांगताहेत का तुला?"

या वेळीही बोट दोनदा टेकलं.

"विचारताहेत. अजून एक हिवाळा. मोजणी अर्ध्यावर आहे, आणि ते यंत्र दुसऱ्या कुणाला फारसं कळत नाही." मग घाईघाईनं, "पण मी अजून हो नाही म्हटलेलं."

बाईंनी खोलीच्या उघड्या दारावरून नजर काढली.

"मग म्हण की. आम्हाला काय धाड भरलीये? तुझे बाबा अजून जिना धावत चढतात."

मास्तरांनी गुडघ्यावरच्या पट्ट्यावरून हात काढून घेतला.

"आणि माझं म्हणशील, तर तू नसलीस की मला आरामच आहे. अर्धवट काम टाकून आलीस, तर इथं दिवसभर तोंड पाडून बसशील. ते कोण बघणार? राहा."

बोट टेकलं. ते उचललं, त्याच क्षणी आवाज आला.

"खरंच, आई?"

प्रकाशाला लागतो तेवढाच वेळ लागला होता. ठकीला मुळीच लागला नव्हता.

"खरंच गं," बाई म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवला.

मग ठकी बोलत सुटली. कालचा उजेड कसा डोक्यावरून थेट खाली उतरला, सगळे जेवण टाकून बाहेर कसे धावले, कुणाची टोपी कशी उडाली. शाळेतून आल्यावर दप्तरासकट स्वयंपाकघरात शिरून बोलायची, तशी. मास्तर मध्येमध्ये विचारत होते. बाई नुसत्या ऐकत होत्या.

"ठेवते आई. पुढच्या रविवारी करते."

"हो, ठेव. जप."

मास्तरांचा हात फोनकडे गेला. बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"लगेच नका बंद करू," त्या म्हणाल्या. "तिकडून निघालं असेल काही, तर वाटेत असेल."