पुन्हा घातलेली घडी

"मुलांनी घातलेली कपड्यांची घडी वाकडी झाली तरी मोडून पुन्हा घालू नका. त्यांना वाटतं, आपल्याला जमतच नाही," माँटेसरी पाळणाघराच्या पालकसभेत तिथल्या शिक्षिका वृंदाताईने ठासून सांगितलं. सगळ्या आयांनी माना डोलावल्या.

घरी पोचताच तिच्या चार वर्षांच्या जुईने वाळलेल्या कपड्यांतले नॅपकिन पुढ्यात ओढले. जीभ बाहेर काढून, टोकाला टोक जुळवत तिने एकेकाची घडी घातली. "आई, बघ!" "वा, शाब्बास!" म्हणत वृंदाने तिला हात धुवायला पिटाळलं आणि तिची पाठ वळताच सगळे नॅपकिन झटकून भराभर चौकोनी केले. संध्याकाळी पाहुणे यायचे होते. रोज असं काहीतरी कारण असायचंच.

दुसऱ्या दिवशी वाळलेले नॅपकिन घडी न घालता तसेच पडून होते.

"आज घड्या नाही घालायच्या, पिल्लू?"

जुईने ढीग आईकडे सरकवला. "तूच घाल. मी घातल्या की तुला परत घालाव्या लागतात. मग तू दमतेस."

पोर रुसलेली नव्हती. रुसली असती, तर वृंदाला तिची समजूत तरी काढता आली असती.