डालग्याचं प्रदर्शन

ओंकार मुंबईत एका कलादालनात वॉचमन आहे. तो सुट्टीला गावी, कापड्याला पोचला, तेव्हा त्याच्या आईने, चंद्रभागेने, शेजारच्या ठकूबाईची चुकलेली कोंबडी नुकतीच अंगणात बांबूच्या डालग्याखाली झाकली होती. पोरासाठी रात्री रस्सा करायचा बेत होता. ओंकारला कोंबडी दिसलीच नाही. तो हात मागे बांधून डालग्याभोवती फिरला.

"आये, हे तू विणलंस?"

"मग काय आभाळातून पडलं?"

"आमच्याकडं असलं काचेत ठेवतात. लोक येऊन गप उभे राहतात."

त्याने चार काठ्या रोवल्या, भोवती सुतळी बांधली आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, 'कलाकृतीला हात लावू नये.' चंद्रभागेला कला पहिल्यांदाच पटली.

पण दुपारपर्यंत अख्खी वाडी बघायला आली. ओंकारने सगळ्यांना हात मागे बांधायला लावले. ठकूबाईलाही.

"विणकाम बेस हाय गो," ती म्हणाली.

तिचा आवाज ऐकताच डालगं आतून 'क्वॉक क्वॉक' करायला लागलं.

"ह्याला आवाजपण हाय?"

"हल्ली असतो," ओंकार म्हणाला.

"माझ्या तांबडीसारखा हाय. उचल बघू जरा."

चंद्रभागा मध्ये आली. "कलेला हात नाय लावायचा गो. पाटी वाच."

ठकूबाईने पाटी सावकाश वाचली. मग पदर सावरून सुतळीला लागूनच बसकण मारली.

"बरं, नाय लावत. कलेला दाणं टाकायला तू उचलशील ना, तवा बघते."