दीड पन्ह्याची खोली

शिंप्याची टेप पाच फुटांची. ती संपली तिथे त्याने खडूची रेघ मारली, गुडघ्यांवर पुढे सरकला आणि तिथून पुन्हा टेप लावली.

“रेघा पुसून जाईन मी,” तो म्हणाला.

“मोजा आधी,” खालच्या काकू म्हणाल्या. त्या हाताची घडी घालून उभ्या होत्या. “आणि जरा हळू बोला. आमचे हे आत पडलेत.”

खोली काकूंची होती, फ्लोअरिंग मात्र बसायचं होतं वरच्या मजल्यावर, शिंप्याच्या घरात. दोन्ही खोल्या एकीवर एक, एकाच मापाच्या. त्याच्या खोलीत पलंग, कपाट आणि गिऱ्हाइकांच्या कापडाचे गठ्ठे. टेप सरळ पडेल तर शपथ. काकूंची खोली लख्ख मोकळी. सामान सगळं भिंतींना सारलेलं. “तिथेच माप घ्या,” बायको म्हणाली होती, “आणि जाताच आहात तर माफीही मागून या.”

माप घेणं त्याच्या हातचा मळ होता. माफीचं मात्र जिवावर आलं होतं.

त्याची मुलगी फार उशिरा चालायला लागली होती. लोखंडी पट्ट्यांचे बूट घालून ती रोज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायची. एक दिवसही खाडा नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या बुटांच्या आवाजापायी आधीची दोन घरं सुटली. एका घरमालकाने गोड बोलून काढलं, दुसऱ्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. आता तिसऱ्यांदा बिऱ्हाड उचलायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

आणि इथेही लक्षण ठीक दिसत नव्हतं. पोरगी चालायला लागली की थोड्याच वेळात खालून ठक ठक सुरू व्हायची. काकू झाडूच्या दांड्याने छत ठोकतात, यावर नवरा-बायकोचं कधी नव्हे ते एकमत झालं होतं. त्यात काकूंचे यजमान आजारी. चिडायचा त्यांना हक्कच होता, आणि तेच त्याला जास्त टोचायचं.

परवा तर काकूंनी त्याला जिन्यातच गाठलं होतं. “मुलीच्या चालण्याला काही वेळ आहे की नाही, मास्तर? कधी सकाळी, कधी दुपारी. एक वेळ धरा.” त्याने मान खाली घालून हो म्हटलं आणि त्याच दिवशी फ्लोअरिंगचं दुकान गाठलं.

“लांबी दहा, रुंदी नऊ,” तो उठत म्हणाला. “दुकानातल्या रोलचा पन्हा सहा फुटांचा आहे. म्हणजे खोली दीड पन्ह्याची झाली.”

“मग किती घ्यायचं?”

“पंधरा फूट पुरतं. दहा फुटांची एक पट्टी सलग. उरलेला पाच फुटांचा तुकडा मधोमध कापायचा आणि दोन्ही अर्धे एकापुढे एक लावायचे. चिंधीसुद्धा उरत नाही.” कापड वाचवलं की त्याला आपोआप हसू यायचं, तसं आलं.

“म्हणजे लांबीत जोड येणार.”

“एका बाजूला येईल.”

“जोड नको,” काकू म्हणाल्या. “वीस फूट घ्या आणि दोन्ही पट्ट्या सलग टाका. कशासाठी करताय हे?”

आत्ता बोलावं, असं त्याला वाटलं. पण तो टेप गुंडाळत बसला. “पोरीला फरशी गार लागते,” तो म्हणाला.

काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “मग जाडातलं जाड घ्या,” त्या म्हणाल्या.

त्याला समजायचं ते समजलं. खडू पुसून तो जिना चढला.

दुकानातून त्याने खाली फोम असलेलं सगळ्यात जाड फ्लोअरिंग आणलं. काकूंनी सांगितलं तसे वीस फूट, वर थोडी माया, कारण भिंती कापडासारख्या सरळ नसतात. दुसऱ्या पट्टीतला उरलेला अर्धा पन्हा त्याने टाकला नाही. पोरीच्या चालायच्या वाटेवर तो आधी खाली अंथरला आणि वर सलग पट्टी दाबून बसवली. पलंगाखालीसुद्धा सुईएवढी फट ठेवली नाही. बायको म्हणाली, “घराला अस्तर लावलंत की हो तुम्ही.”

पोरगी चालली आणि आवाज म्हणून आला नाही. दोघं श्वास रोखून उभी राहिली. खालूनही काही आलं नाही.

आठवडा तसाच गेला. पोरगी दोन फेऱ्या जास्त मारायला लागली. शिंप्याला मशीनवर शिवताना गुणगुणावंसं वाटू लागलं. आता या घरातून आपल्याला कुणी हलवत नाही, असं तो बायकोला म्हणाला, आणि बायकोने बरेच महिने बांधून ठेवलेलं भांड्यांचं शेवटचं खोकं उघडलं.

मग एका सकाळी काकू वर आल्या. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं.

“मुलगी बरी आहे ना?” त्यांनी दारातूनच विचारलं. “चालणं का बंद केलं तिचं?”

“बंद कुठे, काकू? रोज चालते. तुम्ही म्हणालात तशी वेळ धरून.” तो आनंदाने बाजूला झाला. “बघा ना. आता तुम्हाला कधीच त्रास व्हायचा नाही.”

आत पोरगी भिंतीपाशी पोचून वळत होती. तिचे लोखंडी बूट पडत होते आणि काही ऐकू येत नव्हतं. काकू खाली बसल्या. त्यांनी तळहाताने फ्लोअरिंग दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“मास्तर, हे काढा हो,” त्या म्हणाल्या. “आमचे हे आठवडाभर काठी धरून पलंगावर बसून आहेत. वर पोरगी चालायला लागली की मीही उठतो, म्हणतात.”