नऊशेव्या किलोमीटरनंतर

बाराशे किलोमीटरच्या सायकल शर्यतीत दादाने नऊशेव्या किलोमीटरला हात टेकले. गुडघा सुजून टम्म झाला होता. धाकटी बहीण गाडी घेऊन गेली आणि त्याला सायकलीसकट घरी घेऊन आली.

सकाळी तिने मोबाइल उघडला. शर्यतीच्या नकाशावर दादाचा ठिपका अजून पुढे सरकत होता.

"ट्रॅकर बिघडला असेल," ती म्हणाली. पण दादाचा ट्रॅकर टेबलावर बंद पडून होता.

दादा पलंगावर बसून ठिपक्याकडे बघत राहिला. चढ आला की ठिपका मंदावायचा आणि इकडे दादाला धाप लागायची. "थांब ना आता," तो पुटपुटायचा. ठिपका थांबत नव्हता.

दुपारी आयोजकांचा फोन आला. "अभिनंदन, ताई! तुमच्या भावाने शर्यत पूर्ण केली. जिद्दीला मानलं बुवा!"

"अहो, दादा तर कालपासून घरी आहे."

"घरी कसे असतील? आत्ताच इथून निघाले. मेडलसाठीसुद्धा थांबले नाहीत. म्हणाले, आता सरळ घरीच जातो, सायकलवरच."

फोन स्पीकरवर होता.

"तो सोडणार नाही," दादा म्हणाला आणि लंगडत जाऊन त्याने दाराला आतून कडी घातली.