आज गाणं नाही

बाजार बंद झाला की शेअर दलाल दिवसभराच्या चढउताराची खबर स्वतःच्या आवाजात गिऱ्हाइकांना पाठवायचा आणि शेवटी हौसेनं एक कडवं गायचा. आज बाजार दाणकन आपटला, म्हणून त्यानं गाणं गाळलं. लगेच एका जुन्या गिऱ्हाइकाच्या बायकोचा फोन आला.

"आज गायला नाहीत, भावोजी?"

"वहिनी, लोक पार बुडालेत. कोणत्या तोंडानं गाऊ?"

"आमचे शेअर कधीच विकले हो. ह्यांना आता बाजार कळत नाही, मीही ओळखू येत नाही. तुमचं कडवं लागलं की तेवढं तोंड उघडतात. कालचं लावलं, तर मान फिरवली. शिळं चालत नाही ना! चमच्यात घास धरून बसलेय मी."

त्यानं डोळे मिटले आणि फोनवरच सूर लावला. कडवं संपायच्या आत पलीकडे वाटीवर चमचा वाजला.