कपाळावरचा चष्मा

डोळ्यांइतकं मोलाचं माणसाजवळ दुसरं काही नाही, असं सेफ्टीच्या साहेबांनी उभं राहून सांगितलं. मग चष्म्यांचे तीन नमुने टेबलावर मांडायला घेतले, तर दोनच भरले. तिसरा त्यांच्या खुर्चीत सापडला. इतका वेळ ते त्याच्यावरच बसले होते. त्यांनी तो उचलून उजेडात धरला.

"बघा. नायलॉनची फ्रेम. वाकते, मोडत नाही."

ग्राइंडिंग खात्यातली माणसं हसली. चाकावर काम करताना घालायचे नवे चष्मे कोणते घ्यायचे, हे आज त्यांनीच ठरवायचं होतं. तेवढ्यात दार उघडलं आणि दादा काठी टेकत आत आला. सगळ्यांनी कपाळावर सारलेले जुने चष्मे गपकन डोळ्यांवर ओढले. हा मान दादाला नेहमी मिळे. त्याला तो दिसत नसे, एवढंच.

दादा पूर्वी याच खात्यात पात्यांना धार लावायचा. आता तो फाटकापाशी बसून टेलिफोन घेतो. चष्मे निवडायच्या समितीत एक अनुभवी माणूस हवा असा नियम होता, आणि याच्याहून अनुभवी माणूस कारखान्यात नव्हता. त्याच्या चाकावर आता त्याचा धाकटा भाऊ उभा राहतो. धाकट्याने सरकून बाकावर जागा केली. दादा बसला आणि त्याने तोंड फोरमनकडे वळवलं. म्हणजे फोरमनच्या जरा डावीकडे. फोरमन नकळत डावीकडे सरकला.

"धातूची फ्रेम नको बुवा," खात्यातला एक मिशीवाला म्हणाला. "ठिणग्यांनी तापते. मागे एकदा कानशिलावर इस्त्री फिरली होती माझ्या."

धातूची बाद झाली. उरले दोन. एक तो नायलॉनचा, दांड्यांचा, पिसासारखा हलका. दुसरा रबरी काठाचा, डोक्यामागून पट्टा आवळायचा. मिशीवाल्याने पट्ट्याचा चढवून पाहिला.

"कसा दिसतो?"

"बेडूक."

"आणि आधी?"

"आधीपण बेडूकच. आता घामाघूम बेडूक."

दादाने हात पुढे केला. हसणं थांबलं. मिशीवाल्याने चष्मा काढून त्याच्या हातात दिला. दादाने रबरी काठावरून अंगठा फिरवला, पट्टा ताणून बघितला.

"हा घ्या," तो म्हणाला. "दांड्यांचा चष्मा वर सरकतो. धार बघायची झाली की आपण काय करतो? काचेवर वाफ धरलेली असते. मग चष्मा कपाळावर आणि डोळा पात्याशी. चाक चालूच. मी तरी दुसरं काय केलं? हा वर जात नाही. काढायचा तर दोन्ही हात लागतात, म्हणजे चाक थांबवावंच लागतं."

फोरमनने आपला चष्मा नाकावर घट्ट बसवला.

"धार मात्र सरळ आली होती हं," दादा म्हणाला. "शेवटचं तेवढंच बघितलं मी. अजून डोळ्यांपुढून हलत नाही. झोपलो तरी."

साहेबांनी घसा खाकरला आणि टेबलावरचे उरलेले नमुने सरळ रांगेत लावले.

"पण दादा, यात जीव गुदमरतो," धाकटा हळूच म्हणाला. "चार पाती झाली की आत पाणी साचतं."

"साचू दे. पाणी पुसता येतं."

शेवटी मतदान घ्यायचं ठरलं.

खात्यात चाकांचा आवाज इतका असतो की तिथे कुणी वस्तूचं नाव घेत नाही. उचलून दाखवतात. फोरमनची सगळी नोकरी अशी दाखवण्यात गेली होती. त्याने दादाच्या हातातून पट्ट्याचा चष्मा अलगद काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि नायलॉनचा उचलून उंच धरला.

"हा कोणाकोणाला हवा? हात वर."

सगळ्यांत आधी दादाचा हात वर गेला.

फोरमनने हातातल्या चष्म्याकडे पाहिलं, मग दादाकडे. त्याचं तोंड उघडलं. मिशीवाल्याने ओठांवर बोट ठेवलं. तोंड मिटलं. साहेब खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघू लागले. मग एकेक हात वर जायला लागला. बाह्या सळसळल्या. दादा मान तिरकी करून ऐकत होता.

"धाकट्या, तुझं काय रे?"

त्याचा मोकळा हात भावाच्या खांद्यावर आला, दंडावरून चाचपत खाली गेला आणि कोपराशी थांबला. कोपर मांडीवर टेकलेलं होतं. धाकट्याने टेबलावर पडलेल्या पट्ट्याच्या चष्म्याकडे पाहिलं. मग बाकीच्यांकडे. बाकीचे त्याच्याकडेच बघत होते.

त्याने हात वर केला. दादाची बोटं त्या हाताबरोबर वर गेली, पार मनगटापर्यंत, आणि तिथे जरा घट्ट झाली.

"सगळ्यांचे?" दादाने विचारलं.

"सगळ्यांचे, दादा."

"मला वाटलं होतं, ऐकायचे नाहीत." तो हसला. कितीतरी दिवसांनी हसल्यासारखा, जरा चुकत चुकत. "बरं झालं बाबा. आता लागेल झोप."

ठराव एकमताने मंजूर, असं साहेबांनी लिहून घेतलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.